सीआरपी उतरतोय ना? मग आजोबांना घरी न्या

संपादक महोदय,

न्यूमोनियाने किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या रुग्णाला घरी सोडायची वेळ आली की नातेवाईक सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर अडून बसतात : ‘सीआरपी अजून ४० आहे, नॉर्मल होऊ दे, मग नेतो.’ काही डॉक्टरही त्याच आकड्यासाठी थांबतात. तेवढ्या चार-पाच दिवसांत खाटेवर पडून मांड्यांतली ताकद जाते आणि चालत आलेला माणूस व्हीलचेअरवरून घरी जातो.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. संसर्गानंतर सहा-आठ तासांत ते वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिगेला पोचते आणि रक्तात निम्मे व्हायला त्याला सुमारे १९ तास लागतात. म्हणजे सीआरपी २०० असताना दाह जागच्या जागी थांबला, तरी १००, ५०, २५, १२ असे करत ६ वर, म्हणजे नॉर्मलच्या आसपास यायला चार दिवस हवेत. प्रत्यक्षात दाह असा एकदम थांबत नाही, त्यामुळे वेळ आणखी लागतो. म्हणून पाहायचा तो उतार. उपचारांच्या चौथ्या दिवशीही आकडा निम्म्यावर आला नसेल, तर मात्र घरी नेण्याची घाई नको. फुप्फुसाभोवती पू साठला आहे का, अँटिबायोटिक लागू पडत नाही का, सलाइनच्या सुईची शीर सुजली आहे का, हे शोधावेच लागते.

रिपोर्ट वाचताना आधी एकक पाहा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये १८ लिहिते, दुसरी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये ११०. घरच्यांना वाटते, सहापट वाढला! खरे तर तो १८० वरून ११० वर उतरलेला असतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा.

उलट चूकही होते. पांढऱ्या पेशी ९,००० आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहतात. उतारवयात गंभीर संसर्गातही हे दोन्ही नॉर्मल असू शकते. अचानक बरळणे, जेवण सोडणे, तोल जाऊन पडणे हीच अनेकदा पहिली खूण असते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारे औषध) चालू असेल तर नाडीही फारशी वाढत नाही.

दाखल होताना अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर मुक्काम लांबण्याची शक्यता जास्त. ते केवळ खाण्याच्या आबाळीने कमी होत नाही, दाहामुळेही घटते, आणि आठवड्याभरात भरून येत नाही. त्यासाठीही अडून राहू नये. ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) तर कित्येक आठवडे चढाच राहतो.

न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी सोडताना ताप १०० फॅरनहाइटच्या आत, नाडी १०० च्या आत, श्वास मिनिटाला २४ च्या आत, वरचा रक्तदाब ९० च्या वर, बाहेरून ऑक्सिजन न देता रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी किमान ९० टक्के, तोंडाने खाणे-पिणे आणि शुद्ध पूर्वीसारखी, एवढे पाहावे. यातले काही राहिले असेल, तर सीआरपी ८ असला तरी सोडू नये.

– वृद्धांवर उपचार करणारे दोन डॉक्टर, सातारा