‘लंडन’ म्हणून विकलेली १९१७ ची गिन्नी परत घेण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

विषय : पंचम जॉर्जच्या दोन सोन्याच्या गिन्न्या. १९१७ च्या गिन्नीची ओळख खोटी व १९१८ च्या गिन्नीची किंमत अवाजवी असल्याबद्दल तक्रार.

महोदय,

सोबतच्या बिलात दिसतील त्या दोन गिन्न्या मी आपल्या संकेतस्थळावरून घेतल्या. पहिलीसमोर ‘१९१७, लंडन टाकसाळ, अतिदुर्मिळ’ असं लिहून ४ लाख ८५ हजार रुपये लावले आहेत. दुसरी ‘१९१८, मुंबई टाकसाळ, अतिदुर्मिळ’. तिची किंमत त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने होते त्याच्या अडीचपट. या दोन्हींबद्दल आपल्या विक्री विभागाशी फोनवर आणि ईमेलवर बोलून झालं. मिळालेली उत्तरं वाचल्यावर सगळं एकदा नीट लेखी मांडणं भाग पडलं.

आधी १९१७ ची. ब्रिटिश गिन्नी त्या काळी लंडनखेरीज साम्राज्यातल्या इतर टाकसाळींतही पडत असे आणि ती कुठली हे एका बारीकशा अक्षरावरून कळतं. नाण्याच्या मागच्या बाजूला ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार संत, सेंट जॉर्ज, असतो. त्याच्या घोड्याखाली जमिनीची रेघ आहे, तिच्यावर, सालाच्या बरोब्बर वर, हे अक्षर असतं : सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी, कॅनडातल्या ओटावाचं सी. लंडनच्या गिन्नीवर मात्र अक्षरच नसतं. म्हणजे लंडनची ओळख पटते ती काहीतरी नसण्यावरून, आणि लबाडीला वाव मिळतो तो इथेच. पर्थची १९१७ ची गिन्नी घ्यायची, पी तेवढा घासून काढायचा, झाली लंडनची. संग्राहकांमध्ये ही युक्ती जुनी आहे. आपल्यासारख्या, बिलावर ‘नाणेतज्ज्ञ’ छापणाऱ्या कंपनीला ती ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

माझ्या हातातलं नाणं मी दहापट भिंगाखाली धरून, दिवा बाजूने आडवा ठेवून पाहिलं. जमिनीची रेघ डावीकडून सरळ येते. सालाच्या वर, जिथे अक्षर असायला हवं नेमकं तिथे, ती किंचित खाली बसते आणि पुढे पुन्हा वर येते. त्या खळग्यात एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या रेघा आहेत. बाकी नाण्यावर शंभर वर्षांचा मऊ, सारखा पिवळेपणा आहे, हा एवढाच भाग नव्या सोन्यासारखा चकाकतो. वापराने नाणं झिजतं ते उंच भागांवर, म्हणजे घोड्याची मांडी, सेंट जॉर्जचं शिरस्त्राण, राजाची भुवई. तळाशी असलेली रेघ तेवढीच मधोमध झिजावी आणि घोड्याची मांडी शाबूत राहावी, असं वापरात होत नाही. तिथे कानस किंवा तसलंच काही फिरलं आहे. याचे मोठे केलेले फोटो सोबत आहेत.

संकेतस्थळावर दाखवलेला फोटो तर या नाण्याचाच नाही. त्या फोटोत राजाच्या मानेवर एक आडवा ओरखडा स्पष्ट दिसतो, माझ्याकडे आलेल्या नाण्यावर तो नाही. पाच लाखांच्या घरातला माल नमुन्याच्या फोटोवर विकायचा, हा कुठला व्यवहार?

यावर आपल्या प्रतिनिधींनी लिहिलं की कोणत्याही सराफाकडून तपासून घ्या, २२ कॅरेट निघालं तर शंकेचं कारण नाही. लक्ष्मी रोडवर तपासून घेतलं. कॅरेट मीटरवर ९१.६ टक्के, म्हणजे २२ कॅरेटच, आलं, वजन ७.९७ ग्रॅम. मूळ वजन ७.९८८ ग्रॅम असतं, थोडी झीज धरता अगदी बरोबर. पण ते बरोबर येणारच! मी सोनं खोटं आहे असं म्हटलेलंच नाही. नाणंही टाकसाळीतलंच असेल. खोटी आहे ती त्याची ‘लंडन’ ही ओळख, आणि कॅरेट मीटर सोन्याचा कस सांगतो, गाव सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बैरूतमध्ये आणि इटलीत बनावट गिन्न्या पाडल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी उत्तम सोन्याच्या होत्या, कारण तेव्हा गिन्नीला तिच्यातल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळत होता. तेव्हा ‘सोनं चोख म्हणजे नाणं अस्सल’ हे सूत्र गिन्नीच्या बाबतीत तरी निदान सत्तर वर्षांपूर्वीच मोडीत निघालं आहे.

या ओळखीवर किती पैसा अवलंबून आहे तेही पाहा. १९१७ साली लंडनला १० लाख १४ हजारांवर गिन्न्या पडल्या. मेलबर्नला त्याच साली ९ लाख ३४ हजार, म्हणजे लंडनपेक्षा कमीच. तरी मेलबर्नची गिन्नी सोन्याच्या भावाच्या आसपास मिळते आणि लंडनच्या गिन्नीला लिलावात हजारो पौंड मोजले जातात. लंडनचा बहुतेक साठा युद्धाच्या देण्यांपोटी अमेरिकेला गेला आणि तिथे वितळवला गेला, असं मानलं जातं. त्यामुळे हाती उरलेल्या मोजक्याच. पर्थला त्या साली ४१ लाखांवर पडल्या. माझी गिन्नी पर्थची असो की सिडनीची, अक्षर शाबूत असतं तर तिचे सोन्याचे पैसे आणि वर थोडं काही मिळालं असतं. आता खरवडल्यामुळे तेवढेही मिळायचे नाहीत. खराब केलेलं नाणं संग्राहक घेत नाही, मोडीतच जातं.

आता आपल्या दुसऱ्या उत्तराकडे येतो. ‘परदेशातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे स्वखर्चाने ग्रेडिंगला (अस्सलपणा व दर्जा तपासायला) पाठवा, त्यांचा अहवाल विरुद्ध गेला तर विचार करू.’ हे वाचून मला खरोखर हसू आलं. १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला अशी कुरिअरने देशाबाहेर धाडता येत नाही. १९१७ ची गिन्नी त्यात बसते. म्हणजे जो पुरावा आणल्यावर आपण ‘विचार’ करणार, तो आणायला मी कायदा मोडायचा. त्याच कायद्यात पुरातन वस्तूंच्या विक्रीच्या धंद्यासाठी परवानाही लागतो. आपल्या परवान्याचा क्रमांक बिलावर मला सापडला नाही, तोही कळवावा.

नाण्यासोबत आलेलं ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ आपलंच, त्यावर सही आपल्याच विक्री व्यवस्थापकाची. नाणं आपण कुठून घेतलं, कुठल्या लिलावातलं, लॉट क्रमांक काय, आधी ते कोणाच्या संग्रहात होतं, यातलं एक अक्षर त्यावर नाही. इतक्या किमतीच्या ब्रिटिश नाण्यामागे हा इतिहास नसेल तर किंमत कशाची लावली?

१९१८ च्या मुंबईच्या गिन्नीबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. ती अस्सल आहे, रेघेवरचं आय (इंडियाचं) हे अक्षर भिंगाखाली स्वच्छ दिसतं, आणि मुंबईच्या टाकसाळीत पडलेली गिन्नी आपल्याकडे असावी असं कुठल्याही मराठी संग्राहकाला वाटतंच. आपण नेमकं त्या वाटण्याचे पैसे लावले आहेत. पहिल्या महायुद्धात लंडनच्या रॉयल मिंटची (टाकसाळीची) शाखा मुंबईत उघडली, गिन्नीचे छाप हाती येईपर्यंत त्याच वजनाची आणि कसाची १५ रुपयांची मोहोर पाडली, मग गिन्न्या पडल्या आणि १९१९ मध्ये शाखा बंद झाली. साल मात्र सगळ्यांवर १९१८. ‘फक्त एकाच वर्षी पडलेली, म्हणून अतिदुर्मिळ’ ही आपली जाहिरात इथपर्यंत खरी. पण त्या एका सालाच्या पडल्या सुमारे १२ लाख ९५ हजार, आणि त्या लंडनच्या १९१७ सारख्या नाहीशा झालेल्या नाहीत. लंडनच्या विक्रेत्यांकडेही त्या नियमित दिसतात.

रास्त किंमत काढणं अवघड नाही. गिन्नीत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्याला त्या दिवशीच्या २४ कॅरेटच्या भावाने गुणा. त्यावर मुंबईची म्हणून, बऱ्या स्थितीतली म्हणून, वरकड धरा. चांगल्या, न झिजलेल्या नाण्याला वीस-पंचवीस टक्के दिले तरी माझी हरकत नाही. माझ्या नाण्यात राजाची दाढी सपाट झाली आहे, काठाला दोन ठिकाणी ठेच आहे. याला दीडशे टक्के? आपण दाखवलेला आधार म्हणजे दुसऱ्या एका विक्रेत्याने लावलेली मागणीची किंमत. त्या किमतीला कोणी नाणं घेतलं का, ते आपणही सांगत नाही. लिलावात प्रत्यक्ष हातोडा कितीला पडला आणि वर खरेदीदाराचं कमिशन किती, त्यावर भाव ठरतो.

‘प्लास्टिकची डबी उघडली, आता परतावा नाही’ हा आपला शेवटचा मुद्दा. डबी न उघडता वजन कसं घ्यायचं, काठाचे दाते कसे पाहायचे, हे आपण शिकवावं. ज्या अटीमुळे माल तपासताच येत नाही, ती मला मान्य नाही. परताव्याऐवजी देऊ केलेलं आपल्या दुकानातलं क्रेडिटही नको.

माझी मागणी अशी. १९१७ च्या गिन्नीचे पूर्ण पैसे मूळ खात्यात परत करावेत, नाणं आपण आपल्या खर्चाने व विम्यासह परत न्यावं. आपल्याला ती लंडनचीच वाटत असेल, तर दोघांना मान्य होईल अशा, आपल्याशी व्यवहाराचा संबंध नसलेल्या भारतातल्या जाणकाराकडून माझ्यासमोर तपासणी करून घ्यावी. खर्च आपला. १९१८ ची मी ठेवायला तयार आहे, वर सांगितल्याप्रमाणे फरकाची रक्कम परत मिळाली तर. नाहीतर तीही न्यावी. आणि ती १९१७ ची गिन्नी परत गेल्यावर पुन्हा ‘लंडन’ म्हणून संकेतस्थळावर चढवू नये. तिचे फोटो माझ्याकडे आहेत.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या आधीच्या ईमेलची पोचही आलेली नाही. या पत्रापासून महिना मोजतो आहे. तेवढ्यात निकाल लागला नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागेन. २०१९ च्या कायद्याने ती मला माझ्या राहत्या जिल्ह्यात मागता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

कळावे,
आपला ग्राहक,
(सही)
पुणे

सोबत : बिल व प्रमाणपत्राच्या प्रती, भिंगाखालचे फोटो, संकेतस्थळावरच्या फोटोची छापील प्रत, सराफाची वजन-कसाची पावती, ईमेलच्या प्रती.