'सत्ता कायम' म्हणजे सरकार कायम नव्हे

संपादक महोदय,

विधानसभेच्या निकालात सत्ताधारी पुन्हा निवडून आले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: 'सरकार कायम'. राजकारणाच्या भाषेत तो चालून जातो, पण कायद्याच्या कागदांवर त्या दिवशी काहीच कायम राहिलेले नसते. विधानसभा नवी, मुख्यमंत्र्यांची नेमणूक नवी, मंत्र्यांच्या शपथा नव्या आणि खातेवाटपही नवे. हे न समजल्यामुळे नोव्हेंबर २०२४मध्ये आपल्याकडे महाराष्ट्रात बराच गोंधळ उडाला होता. आणि खातेवाटपाच्या ज्या विलंबावर बोलायला हवे होते, त्यावर फारसे कुणी बोलले नाही.

आधी गोंधळाचे. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. २८८ पैकी २३० जागा या तिघांच्याच. त्याच सुमारास एक हाकाटी सुरू झाली की २६ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत शपथविधी झाला नाही, तर राष्ट्रपती राजवट आपोआप लागू होईल. असा नियम कुठेही नाही. २६ ही तारीख आली ती राज्यघटनेच्या १७२व्या अनुच्छेदातून. विधानसभेची पाच वर्षे निकालापासून नव्हे, तर पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिवसापासून मोजली जातात. मागच्या सभागृहाची पहिली बैठक २७ नोव्हेंबर २०१९ रोजी झाली, म्हणून त्याची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ला संपणार होती. संपणार होते ते जुने सभागृह. मंत्रिमंडळाच्या मुदतीशी त्या तारखेचा संबंध नाही, कारण १६४व्या अनुच्छेदानुसार मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात.

मग मधल्या काळात पोकळी राहते का? तीही नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ७३नुसार निवडून आलेल्यांची नावे निवडणूक आयोगाने राजपत्रात अधिसूचित केली की नवी विधानसभा रीतसर गठित झाली असे मानले जाते. ते राजपत्र २४ नोव्हेंबरलाच राज्यपालांच्या हाती पडले होते. आमदारांनी शपथ घेतलेली असो वा नसो, सभागृह अस्तित्वात आलेले होते.

याचा पुरावा शोधायला फार मागे जावे लागत नाही. २०१९मध्ये जुन्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपली आणि राष्ट्रपती राजवट १२ नोव्हेंबरला लागली. नियम 'आपोआप'चा असता तर मधले तीन दिवस कोणत्या खात्यात टाकायचे? राजवट लागली ती बहुमताचे गणित कुणालाच मांडता आले नाही म्हणून.

२६ नोव्हेंबरला एकनाथ शिंदे यांनी राजीनामा दिला आणि राज्यपालांनी त्यांना काळजीवाहू म्हणून थांबायला सांगितले. बहुमत मिळूनही राजीनामा का, असा प्रश्न अनेकांना पडला. संकेत असाच आहे की नव्या जनादेशावर नवी नेमणूक व्हावी. केरळमध्ये २०२१ साली डाव्या आघाडीने सत्ता राखली, तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी पिनराई विजयन यांनी राजीनामा दिला आणि २० मे रोजी पुन्हा शपथ घेतली. त्या मंत्रिमंडळात त्यांच्याखेरीज माकपचा आधीचा एकही मंत्री नव्हता. पश्चिम बंगालमध्ये त्याच वर्षी ममता बॅनर्जी स्वतः नंदीग्राममध्ये हरल्या होत्या. आमदार नसतानाही सहा महिने पदावर राहता येण्याची १६४(४)ची सवलत वापरून त्या मुख्यमंत्री झाल्या आणि मुदत संपण्याआधी भवानीपूरच्या पोटनिवडणुकीतून निवडून आल्या. जुनी नेमणूक पुढे चालू राहत असती, तर या नव्या शपथांची गरज पडली नसती.

काळजीवाहू हा शब्द मात्र आपण फार सैलपणे वापरतो. राज्यघटनेत असे वेगळे सरकार नाही. ते रोजचे कामकाज पाहील, धोरणात्मक निर्णय घेणार नाही, हा केवळ संकेत आहे. निवडणुकीची प्रक्रिया पूर्ण होताच आचारसंहिताही उठते. म्हणजे निकालाच्या आधी आचारसंहितेचा धाक असतो, शपथेनंतर सभागृहाचा; मधल्या दिवसांत लेखी धाक कुणाचाच नाही. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी राज्य वक्फ मंडळाला १० कोटी रुपये देणारा शासन निर्णय निघाला आणि ओरड होताच लगेच मागे घेतला गेला, तो याच फटीतून. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. काळजीवाहू काळात तो निघू शकतो का, याचे उत्तर मंत्रालयातल्या एकाही लेखी नियमात सापडू नये, हे खटकणारे आहे.

आता मुख्य मुद्दा. निकालापासून शपथविधीपर्यंत १२ दिवस गेले यावर भरपूर शाई खर्च झाली. आपल्या राज्याच्या मानाने १२ दिवस काही फार नाहीत. २००९मध्येही सत्ताधारी आघाडीच परत आली होती. २२ ऑक्टोबरच्या निकालानंतर अशोक चव्हाण यांचा शपथविधी ७ नोव्हेंबरला झाला. खरा विलंब शपथेनंतरचा होता. ५ डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उपमुख्यमंत्री शिंदे व अजित पवार या तिघांनी शपथ घेतली. ७ ते ९ डिसेंबरच्या विशेष अधिवेशनात हंगामी अध्यक्षांनी आमदारांना शपथ दिली, अध्यक्षांची निवड बिनविरोध झाली, विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. इथवर सगळे सुरळीत. उरलेल्या ३९ जणांचा शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरात झाला. एकूण झाले ४२. सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा २८८ला ४३ येते, म्हणजे एक जागा राखून ठेवली गेली. आणि खातेवाटप? ते झाले २१ डिसेंबरच्या रात्री. हिवाळी अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू होऊन २१ डिसेंबरलाच संपले होते.

म्हणजे अख्खे अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी काढले. १६ डिसेंबरला ३५ हजार ७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, सभागृहात मांडल्या गेल्या, तेव्हा कोणत्याही विभागाला स्वतःचा मंत्री नव्हता. खाती वाटली नसतील तोवर ती मुख्यमंत्र्यांकडे असतात आणि जबाबदारी सामूहिक असते, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण आमदाराने पाटबंधाऱ्याचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर द्यायला उभा राहणारा उद्या त्या खात्यात असेलच याची खात्री नाही, तर त्या आश्वासनाला किंमत किती? हौशी नाटकात भूमिका ठरण्याआधी पडदा उघडावा, तसला प्रकार.

युतीत तिघांची मर्जी सांभाळायची म्हणजे वेळ लागणारच, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे. झारखंडचा निकाल आपल्याच दिवशी लागला, तिथेही सत्ताधारी आघाडीच परतली आणि तिथेही घटकपक्ष होते. हेमंत सोरेन यांनी २८ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि ५ डिसेंबरला ११ मंत्री घेऊन मंत्रिमंडळ पूर्ण केले. मुंबईत त्या दिवशी पहिली शपथ होत होती. उलट मध्य प्रदेशात २०२३मध्ये भाजपला एकहाती १६३ जागा मिळाल्या, तरी ३ डिसेंबरच्या निकालानंतर मुख्यमंत्री बदलला, मंत्री २५ डिसेंबरला आले आणि खातेवाटप ३० डिसेंबरला झाले. विलंब युतीमुळे होतो असे नाही. तो परवडतो म्हणून होतो. काठावरचे बहुमत असते तेव्हा आमदार फुटण्याच्या भीतीने सगळे धावतात. प्रचंड बहुमतात घाई करायला कुणी भाग पाडत नाही.

यावर घटनादुरुस्तीची गरज नाही. १६६(३) अनुच्छेदाखाली राज्यपाल शासनाची कार्यनियमावली करतात आणि मंत्र्यांमधील कामाची वाटणी हा तिचाच विषय आहे. 'शपथविधीनंतर सात दिवसांत खातेवाटप. ते झाल्याशिवाय पुरवणी मागण्या मांडू नयेत' एवढी भर तिच्यात घालता येईल. काळजीवाहू काळात नवे अनुदान, बदल्या आणि निविदा यांबाबत काय करू नये, याचे एक पानी परिपत्रकही मुख्य सचिवांच्या पातळीवर निघू शकते. सरकार स्वतःच्या हाताने स्वतःवर अट घालील का, ही शंका रास्तच आहे. पण निदान मागणी योग्य दारात तरी जाईल.

खातेवाटपानंतर पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारी २०२५ला आली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड व नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. पुढच्या वर्षाचा जिल्हा आराखडा जानेवारीतच मंजूर व्हायचा असतो आणि चालू वर्षाचा निधी ३१ मार्चपर्यंत खर्ची पडायचा असतो. तेव्हा पुढच्या निकालानंतर आपल्या अंकात शपथविधीच्या व्यासपीठाची छायाचित्रे जरूर छापा, पण त्यांच्या शेजारी रोज एक छोटी चौकटही ठेवा: खातेवाटपाशिवाय गेलेले दिवस, आणि पालकमंत्र्याविना असलेले जिल्हे.

आपला,
एक नियमित वाचक