जॅक कुठे लावायचा ते पण छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनवर मजकूर आला होता. चांगला होता, पण बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणारा गोळा-वाटीचा सांधा) तपासायची जी पद्धत दिलीय ती अर्धीच आहे आणि तेवढ्यावर विसंबून लोक निवांत गाडी पळवत बसतील म्हणून हे पत्र. त्यात लिहिलंय की गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, हललं नाही तर जॉइंट ओके. अहो पण जॅक कुठे लावायचा ते कुठाय?

ओम्नीसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असतो, म्हणजे गाडीचं वजन स्प्रिंगमधून स्ट्रटवर जातं, खालच्या बॉल जॉइंटवर ते येत नाही, त्याचं काम चाक खालून धरून ठेवायचं आणि वळू द्यायचं एवढंच. तिथे जॅक बॉडीखाली लावून चाक लोंबकळत ठेवलं की प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो. पण सुमोसारख्या डबल विशबोनवाल्या (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली, ती गाडी चेसिसखालून उचलली की स्प्रिंग आर्मला दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटसुद्धा ताणात असल्यामुळे टाइट वाटतो. तिथे जॅक लोअर आर्मखालीच, चाकाच्या जमेल तेवढ्या जवळ लावायचा आणि मग टायरखाली पहार घालून हळू उचलून बघायचं. जॉइंट तोच, पण जॅकची जागा बदलली की रिपोर्ट बदलतो.

आणि चाक हललं म्हणजे लगेच बॉल जॉइंटच गेला असंही नाही, व्हील बेअरिंग पण असू शकतं. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, खेळ गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर जॉइंट बघा. डावी-उजवीकडे धरून हलत असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा. याला पैसे लागत नाहीत आणि गॅरेजला जायच्या आधी माणसाला निदान काय बोलायचं ते तरी कळतं.

आता जॉइंट बदलायचं काम "घरी अजिबात करू नका" असं तुमच्या लेखात म्हटलंय त्याबद्दल. ओम्नी 2019 ला बंद झाली पण आमच्या मिरज-तासगाव पट्ट्यात द्राक्षाच्या पेट्या, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान आजही तिच्यातच जातं आणि या गाड्यांचं काम शोरूममध्ये होत नाही, रस्त्याच्या कडेला होतं, ते पण एका जॅकवर. तिथे आणि घरी फरक काय हो? उलट एका गॅरेजने मला जुनाच जॉइंट प्रेसमध्ये दाबून, वर नवीन बूट (रबरी टोपण) चढवून "टाइट झाला बघा" म्हणून परत दिला होता. बूट फाटला की चिखल-पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं आणि बॉल आणि त्याची वाटी म्हणजे सॉकेट दोन्ही झिजतात, ते झिजलेलं लोखंड दाबून परत येणार आहे का? असा जॉइंट एक दिवस सॉकेटमधून निसटला की चाक बाहेर फेकलं जातं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. ओम्नीत तर ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वरच बसलेला असतो.

ज्याला पाना धरता येतो त्याने घरी करावं, माझं स्पष्ट मत आहे, ओम्नी मागच्या चाकांवर चालते त्यामुळे पुढे ड्राइव्ह शाफ्टची (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याची) भानगड पण नाही. फक्त गाडीसोबत आलेला जॅक हा पंक्चरपुरता, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही. सपाट काँक्रीट, मागच्या चाकांना ठोकळे, बॉडीखाली लोखंडी घोडी (स्टँड) आणि काढलेलं चाक आडवं करून बाजूला गाडीखाली सरकवून ठेवायचं. हे नसेल तर मात्र तुमचा लेख बरोबर, घरी करू नका.

जॉइंट सुटत नाही तिथे लोक वैतागतात आणि बोल्टच्या टोकावर हातोडा घालतात, आटे बसतात आणि मग सगळंच अडकतं. नट दोन-तीन आट्यांवर ठेवायचा आणि नकलचं (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचं) जॉइंटचा बोल्ट बसायचं जे भोक आहे त्याच्या बाजूच्या जाड लोखंडावर ठोकायचं, टेपर (निमुळता बोल्ट) असेल तर धक्क्याने पटकन सोडतो. काही गाड्यांत टेपर नसतो, आडवा बोल्ट आवळलेला असतो, तिथे तो बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय कितीही ठोका उपयोग नाही. बसवताना कॅसल नटची (खाचा असलेल्या नटची) खाच आणि बोल्टचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळून जुळवायचा, सैल करून कधीच नाही, आणि त्या भोकात घालायची स्प्लिट पिन दरवेळी नवीन, ती काही महाग नसते. जॉइंट आर्ममध्ये प्रेस केलेला असेल तर घरी ठोकत बसू नका, अख्खा आर्म घ्या. आर्मच्या बुशचे (रबरी जोडाचे) बोल्ट मात्र गाडी खाली चाकांवर उतरवल्यावरच फायनल आवळायचे, लोंबकळत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे तर गॅरेजवाले पण पाळत नाहीत. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्यायची, ते घरी होत नाही.

तर पुढच्या पुरवणीत कृपया दोन साधी चित्रं छापा, एक स्ट्रटवाल्या गाडीचं आणि एक डबल विशबोनचं, दोन्हीत जॅक कुठे ते बाणाने दाखवा. जागा कमी पडत असेल तर माझं पत्र कापा पण चित्रं टाका.

आपला नियमित वाचक,
मिरज