बाई, तुमचा खोडरबर अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पोरगी सध्या काय वाचतेय?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघड्यावर. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. नाव मात्र घालत नाही. घातलं तर माटुंग्यातल्या तुमच्या जिन्यात उद्या पालकांची रांग लागेल आणि तुम्ही एकालाही परत पाठवणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी घरशाळेचे, म्हणजे मूल शाळेऐवजी घरीच शिकवण्यातले, दोन जाणकार भेटले होते. एकाने पहिली ते पाचवीच्या अभ्यासाचा परदेशी संच दाखवला. गुळगुळीत कागद, मण्यांच्या माळा, लाकडी ठोकळे, शिकवणाऱ्यासाठी वेगळं पुस्तक. सहावीचं विचारलं तर "तेव्हाचं तेव्हा बघू हो." दुसऱ्याने पुस्तक हातातही न घेता भविष्य सांगितलं: दहावीला आपटणार. एकाला विकायचं होतं, दुसऱ्याला घाबरवायचं होतं. संचातलं शेवटचं पुस्तक दोघांनीही उघडलं नाही.

तुम्ही तेच आधी उघडलंत. पाचवीच्या गणिताचा शेवटचा धडा, त्याच्या शेजारी बालभारतीच्या सहावीच्या गणिताची अनुक्रमणिका, आणि त्यावर पेन्सिलीने बारीक खुणा. पूर्णांक संख्या: नाही. अपूर्णांकांवरील क्रिया: अर्धं. गुणोत्तर-प्रमाण: नाही. शेकडेवारी: ओझरतं. नफा-तोटा आणि सरळव्याज: नाही. वीस मिनिटांत कळलं की संच वाईट नाही, फक्त कुठे संपतो ते विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. "ठाणे लोकल वाईट असते का?" तुम्ही म्हणालात. "कल्याणला जायचं असेल तर ठाण्याला उतरून दुसरी पकडायची. फक्त ती किती वाजताची हे आधी माहीत हवं."

बहुतेक संच पाचवी किंवा आठवीला का थांबतात, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. प्राथमिकची पुस्तकं दोन-तीन चांगले शिक्षक मिळून लिहू शकतात. पुढे प्रत्येक विषयाला वेगळा माणूस लागतो, प्रयोगशाळा लागते, बोर्डागणिक आराखडा बदलतो आणि घरी शिकवणारे पालकही कमी होत जातात, म्हणजे गिऱ्हाईक घटतं. "पुढच्या इयत्ता लवकरच" या ओळीवर तुमचा हिशेब साधा होता. लिहिणारा दोन वर्षांत एक इयत्ता काढत असेल तर दर वर्षी एक इयत्ता चढणारं मूल त्याला कधीच सापडणार नाही. त्याउलट मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा प्राथमिक विज्ञानाचा अभ्यासक्रम. तोही पाचवीपर्यंतच आहे, पण ते नावातच लिहिलंय. पुढे सहावीपासून बालभारतीचं सामान्य विज्ञान धरायचं हे घेणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं.

संच मधेच सोडला तर नेमकं काय निसटतं, हे त्याच्या घडणीवर अवलंबून असतं. हे तुमच्याखेरीज कुणी सांगितलं नाही. काही संच गोल जिन्यासारखे असतात. अपूर्णांक तिसरीत थोडे, चौथीत थोडे, पाचवीत आणखी थोडे, भूमितीचंही तेच. त्यातून अर्ध्यावर उतरलं तर एकही विषय कोरा राहत नाही, पण पुराही होत नाही. अपूर्णांकांची बेरीज येते, भागाकाराला हात थांबतो. दुसरे संच चाळीतल्या खोल्यांसारखे. एक खोली झाडूनपुसून लख्ख करायची, मगच पुढचीचं कुलूप काढायचं. तिथून उतरलं तर झालेलं पक्कं असतं, पण काही खोल्या उघडलेल्याच नसतात आणि कोनमापक मुलाच्या हातात आलेलाच नसतो. पहिल्या प्रकाराला सगळीकडे थोडी थोडी डागडुजी लागते. दुसऱ्याला बंद खोल्यांची यादी करायची आणि तेवढंच शिकवायचं. हे काम सोपं, पण यादी संच सोडायच्या आधी केलेली असेल तरच. इतिहासाची गोची आणखी वेगळी. काही परदेशी आराखडे चार-चार वर्षांच्या आवर्तनात प्राचीन काळापासून आजपर्यंत येतात. तिसऱ्या वर्षी सोडलात तर मुलाला इजिप्तचे पिरॅमिड तोंडपाठ आणि विसावं शतक गायब. आपल्याकडे चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो, तो तर त्यात नसतोच. नागरिकशास्त्र, मराठी आणि हिंदीही नसतात. म्हणजे पुढच्या इयत्ता नसणं हे एक भोक झालं, आहे त्या इयत्तांमध्येही भोकं असतातच.

इथे एक गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहितो, इतर पालकांच्या कामाची आहे. पुढच्या इयत्तेची तयारी तपासायची तुमची पद्धत: बालभारतीच्या पुढच्या इयत्तेचं गणित घ्यायचं, प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या सरावसंचातली दोन उदाहरणं निवडायची, मुलाला मदत न करता सोडवू द्यायची, दिवसाला तीन प्रकरणांपेक्षा जास्त नाही. गुण द्यायचे नाहीत. चुकलेल्या प्रत्येक उदाहरणासमोर तीनपैकी एक अक्षर लिहायचं. 'क' म्हणजे कल्पनाच माहीत नाही, 'श' म्हणजे शब्द माहीत नाही, 'ह' म्हणजे हिशेबात घसरलं. 'क' असेल तर धडा शिकवायचा. 'ह' असेल तर सराव. 'श' ला मात्र पालक उगीच घाबरतात. एलसीएम चटकन काढणारं मूल 'लसावि' हा शब्द पाहून थबकतं, आणि आईवडिलांना वाटतं गणित कच्चं आहे. त्याला शब्दांची एक वही पुरते. हवं तर तेच पुस्तक इंग्रजीतही मिळतं. तसंच स्वल्पविरामाचं. परदेशी पुस्तकातून आलेलं मूल १,२३४,५६७ असं लिहितं आणि १२,३४,५६७ वाचताना अडखळतं. इंच-पौंडात रमलेल्या मुलाला सेंटिमीटर-मिलिमीटरचे दशांश जड जातात. दोन-तीन आठवडे बाजारहाटाचा हिशेब लिहायला दिला की हे सुटतं.

आता त्या तक्त्याविषयी.

आलेखाच्या वहीतलं एक पान फाडून तुम्ही तक्ता आखलात. डावीकडे इयत्ता लिहिली नाहीत, वय लिहिलंत: १०, ११, १२, असं १६ पर्यंत. कारण घरी शिकणाऱ्या मुलासाठी बोर्डाची दारं वयाने उघडतात. १९८९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, दहावीला किमान वय १४. विषय पाच, त्यात निदान एक भाषा, आणि मराठी घेता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ वेळा बसायची संधी, त्यामुळे पाचही विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. विज्ञान शाखेचं दार किलकिलं ठेवायचं तर गणित आणि विज्ञान टाळून सोपे पाच विषय निवडायचे नाहीत, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत. मुंबईत अकरावीचे ऑनलाइन प्रवेश उन्हाळ्यात होतात, म्हणून शेवटचा विषय ऑक्टोबरला राहिला तर कॉलेजचं वर्ष हातचं जातं, हेही कोपऱ्यात लिहिलंत. मग १४ मधून १० वजा केले, संचाचं उरलेलं एक वर्ष वजा केलं, आणि मधल्या तीन रिकाम्या चौकटींना पेन्सिलीने कंस घातला. आमची सगळी भीती त्या तीन चौकटींएवढीच होती, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

१० आणि ११ समोरचं तुम्ही शाईने लिहिलंत. १२ पासून पुढचं सगळं पेन्सिलीने. लिहून झाल्यावर टेबलाचा खण उघडलात, एक झिजलेला खोडरबर काढलात, एक कोपरा काळा पडलेला, आणि तक्त्याबरोबर पाकिटात घातलात. "हाही असू दे," एवढंच म्हणालात.

बाई, त्या आधीच्या कित्येक महिन्यांत आम्हाला सगळ्यांनी पेनने लिहूनच दिलं होतं. कुणी यश, कुणी अपयश. पुढचं आज कुणालाच ठाऊक नाही आणि ते बदलायची मुभा आम्हाला आहे, हे चार आण्याच्या वस्तूतून सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच.

कागदपत्रांचं मी इथे पाल्हाळ लावत नाही, पण दोन गोष्टी तुम्ही आवर्जून विचारल्यात म्हणून लिहितो. शाळेतून काढलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला वेळीच घेऊन जपून ठेवायचा, पुढे राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरावासा वाटला तर तो मागतात. आणि जन्मदाखला नीट वाचायचा. नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून महापालिकेच्या दाखल्यात मुलाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो. शाळेत जाणाऱ्यांच्या हे प्रवेशाच्या वेळी लक्षात येतं, आपल्या मुलांच्या बाबतीत थेट दहावीच्या फॉर्मला. नाव पंधरा वर्षांच्या आत घालून घ्यावं लागतं.

केंब्रिज बोर्डाचं विचारलं तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, "मला नीट ठाऊक नाही, विचारून सांगते." ही वाक्यं आमच्या कानांना इतकी नवी होती की खरी वाटली नाहीत. तिसऱ्या दिवशी तुमचाच फोन. आयजीसीएसईला, म्हणजे त्यांच्या दहावीला, भौतिक, रसायन, जीवशास्त्रात प्रयोगाऐवजी लेखी पेपर देता येतो, म्हणून तिथवर खासगी बसणं जमतं. ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या बारावीला, मात्र पेपर ३ प्रयोगशाळेत उभं राहूनच द्यायचा, तेव्हा बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रयोगाला बसवून घेणारं केंद्र आधी शोधा, पुस्तकं मग. फोन ठेवताना तुम्ही माफी मागितलीत, दोन दिवस उशीर झाला म्हणून! गर्दीच्या लोकलमध्ये स्वतः अवघडून चौथ्या सीटपुरती जागा करून देणारी माणसं असतात ना, तशातल्या तुम्ही. अशी माणसं पुढे होऊन "मी जाणकार" म्हणत नाहीत, म्हणून तर ती आम्हाला शेवटी सापडली.

'तेव्हाचं तेव्हा' म्हणणाऱ्या गृहस्थांचा मध्यंतरी मेसेज आला होता. सहावीचा संच आलाय म्हणे, आगाऊ नोंदणी केली तर सवलत. सातवीचं काय, असं विचारलं. त्याला अजून उत्तर नाही.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तुम्ही सांगितलेलं आठवीचं गणित मिळालं. बहुपदींच्या पानावर कुणाचा तरी चहा सांडलेला आहे, बाकी ठीक. दोन प्रती होत्या, दोन्ही घेतल्या. एक तुमच्या खणात राहू द्या, पुढे जे कुणी येतील त्यांच्यासाठी. १२ समोरची ओळ आतापर्यंत दोनदा खोडून झाली आहे. शनिवारी तक्ता घेऊन येतो. खोडरबर मात्र परत मागू नका.

तुमचा,
तीन चौकटींवाला पालक