परत न घेतलेल्या पुस्तकाबद्दल

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तीन आठवड्यांपूर्वी मी ग्रंथालयात ‘एमा’ ही कादंबरी परत करायला आलो होतो, आठवतंय? पुस्तक टेबलावर ठेवून म्हणालो, “यात काही घडतच नाही हो.” तुम्ही ते उघडलंत. अठराव्या प्रकरणाशी पानाचा कोपरा मुडपलेला होता, त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत (मी शब्द शोधत होतो) आणि पुस्तक माझ्याकडेच सरकवलंत. “हे प्रकरण परत वाचा. एमाच्या त्या जुन्या मित्राला, नाइटलीला, राग कशाचा आलाय, तेवढंच शोधा.” मुदत वाढवल्याचा शिक्का मारून तुम्ही मोकळ्या. मागे रांग होती, म्हणून मी वाद घातला नाही. आभार आज मानतोय, तेही पत्रातून, कारण तुमच्या समोर मला असलं काही बोलायला जमत नाही.

माझी तक्रार जुनीच. मित्र-मैत्रिणीच्या प्रेमात पडण्याच्या गोष्टीत अडचण ती काय असणार? दोघं एकमेकांना ओळखतात, घरी जाणं-येणं आहे, खोडी पाठ आहेत. मग कुठला तरी गैरसमज, कुणीतरी तिसरं माणूस, एक पाऊस, आणि शेवटी साक्षात्कार. ‘फ्रेंड्स टू लव्हर्स’ म्हणून मिळणाऱ्या अशा बऱ्याच कादंबऱ्या मी अर्ध्यात टाकल्यात. जेन ऑस्टिनची १८१५ सालची ही कादंबरी म्हणजे त्या सगळ्यांची आजी असणार, असं मी धरूनच चाललो होतो. गंमत म्हणजे वरचं सगळं हिच्यातही आहे. पाऊससुद्धा.

तर अठरावं प्रकरण. फ्रँक चर्चिल हा शेजारच्या वेस्टन यांचा बाहेरगावी वाढलेला मुलगा येणार येणार म्हणतात आणि येत नाही. नाइटलीने त्याला कधी पाहिलेलंही नाही, तरी त्याच्यावर असा उखडतो की एमाला नवल वाटतं. एरवी इतका न्यायाने बोलणारा माणूस! ती क्षणभर विचार करते आणि सोडून देते. मीही पहिल्या खेपेला सोडून दिलं होतं आणि नेमकं तिथेच पान मुडपलं होतं. गोष्ट आपण जवळजवळ सगळी एमाच्या डोळ्यांनी बघतो. तिला दिसतं सगळं, कळत काही नाही. गावभर लग्नं जुळवत फिरणाऱ्या या बाईइतकाच मी मठ्ठ निघालो.

मग मात्र नाद लागला. नाचाच्या संध्याकाळी गावचा पाद्री एल्टन एमाच्या मैत्रिणीला, हॅरिएटला, सगळ्यांदेखत टाळतो, तेव्हा कधी न नाचणारा नाइटली उठून तिच्याबरोबर नाचतो. एमाचं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष जातं ते तेव्हा. नंतर तीच त्याला म्हणते की आपण काही एवढे भाऊ-बहीण नाही की एकत्र नाचणं वाईट दिसावं, आणि तो ते ज्या घाईने मान्य करतो! म्हाताऱ्या आईबरोबर राहणाऱ्या मिस बेट्सची न संपणारी बडबड मी आधी पानंच्या पानं गाळली होती. पुन्हा वाचली तेव्हा त्यात सफरचंदं सापडली. नाइटलीने आपल्याकडची उरलीसुरली सफरचंदं या गरीब मायलेकींकडे पाठवून दिलेली, आणि आता मालकाला सफरचंदाचा पदार्थ मिळणार नाही म्हणून त्याची घर सांभाळणारी बाई चिडलेली. त्याने स्वतः याचा कुठे उल्लेखही केलेला नाही.

याच मिस बेट्सला एमा बॉक्स हिलच्या सहलीत चारचौघांत टोमणा मारते. खेळ चाललेला असतो, तीन कंटाळवाण्या गोष्टी बोलल्या तरी चालणार असतात, आणि एमा म्हणते की तुम्हाला तीनवर थांबणं जड जाईल. मी हसलो होतो. पुढच्याच पानावर मिस बेट्सचा चेहरा आला आणि मी पुस्तक मिटलं. नाइटली गाडीपाशी एमाला एकटीला गाठून जे सुनावतो, ते प्रेम मिळवायला निघालेला माणूस बोलणार नाही. ती परतीच्या वाटेवर रडत राहते. दुसऱ्या दिवशी मिस बेट्सकडे जाऊन येते. ते कळल्यावर तो तिचा हात हातात घेतो, ओठांपर्यंत नेतो आणि मध्येच सोडून देतो. बस, एवढंच. ते वाक्य मी किती वेळा वाचलं, ते सांगत नाही.

अडचण काय, याचं उत्तरही मिळालं. पाऊस थांबल्यावर बागेत तो काहीतरी सांगू पाहतो. एमाला वाटतं, हा आता हॅरिएटवरच्या आपल्या प्रेमाबद्दल बोलणार. ती त्याला थांबवते. मग त्याचा पडलेला चेहरा बघून म्हणते, मैत्रीण म्हणून ऐकीन, सांगा. आणि बिचारा त्या शब्दालाच अडखळतो. इतकी वर्षं ज्या नात्याच्या आधाराने रोज त्या घरात जाता आलं, तेच आता आडवं आलेलं. नकार मिळाला तर रोजचं जाणंही गेलं. अनोळखी माणसाला प्रेम सांगताना एवढं कुठे पणाला लागतं?

सगळंच मात्र गोड लागलं नाही, ताई. ती एकवीस वर्षांची, तो सदतीस-अडतीसचा. ती तेरा वर्षांची असल्यापासून आपलं तिच्यावर प्रेम आहे, असं तो पुढे हसत हसत म्हणतो, तिथे मी अडलो. तुम्ही म्हणाल, काळ वेगळा. असेल, पण मला खटकलं. हॅरिएटच्या लग्नाची सोयही फार पटकन लावून टाकलीय. आणि एकोणपन्नास प्रकरणं ताटकळत ठेवून लेखिका एमाचं उत्तर देतच नाही, बाईने जे बोलायला हवं तेच ती बोलली, म्हणते! आधी चिडलो, मग मोठ्याने हसलो. उलट एक गोष्ट फार आवडली. एमाचे वडील एकटे राहू शकत नाहीत, म्हणून एवढा मोठा जमीनदार आपली वास्तू सोडून चक्क घरजावई व्हायला तयार होतो, आणि त्याचा कुठेही गाजावाजा करत नाही.

गेलं वर्षभर माझ्या हातून एकही पुस्तक पुरं होत नव्हतं. हे मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो, पण माझी परत येणारी पुस्तकं तुम्हीच तर बघत होतात.

पुस्तकाची मुदत परवा संपतेय. मुडपलेला कोपरा सरळ केलाय, पण घडी दिसते. आणि आणखी एकदा शिक्का मारून द्याल का? मिस बेट्सची गाळलेली पानं अजून थोडी शिल्लक आहेत.

तुमचा,
कायम उशिरा पुस्तक आणणारा वाचक