तपासणी जिन्यावर नको, डब्यात हवी: केंद्रीय रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय रेल्वेमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेली 22 वर्षे मी मुंबईच्या लोकलने रोज कामावर जातो आणि प्रथम वर्गाचा पास मुदत संपण्याआधी न चुकता काढतो. या काळात सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान धावत्या डब्यात माझा पास कोणी पाहिल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. उलट दुपारी गाडी रिकामी असताना पादचारी पुलाच्या जिन्याखाली चार-पाच तपासनीस उभे असतात आणि तिथे अडतो तो बहुधा द्वितीय वर्गाचा, बाहेरगावाहून आलेला, गोंधळलेला प्रवासी.

मागच्या पावसाळ्यात एका स्थानकावर माझ्या डोळ्यांदेखत एका वृद्ध बाईंना दंड झाला, कारण त्यांचे तिकीट अलीकडच्या स्थानकापर्यंतचेच होते. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 138 नुसार भाड्याखेरीज किमान 250 रुपये आकारता येतात, म्हणून ती वसुली नियमबाह्य होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच वेळी त्यांच्या मागून आलेल्या तिघा धडधाकट तरुणांना कोणी हटकलेही नाही, हे मला आजही खुपते.

कर्मचाऱ्यांची अडचण मी जाणतो. साध्या लोकलचे डबे आतून जोडलेले नसतात, गाडी स्थानकात जेमतेम अर्धा मिनिट थांबते आणि खच्चून भरलेल्या प्रथम वर्गात एकट्या टीसीने शिरून वाद ओढवून घ्यावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तपासनीसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. परंतु डिसेंबर 2017 मध्ये पश्चिम रेल्वेवर सुरू झालेल्या वातानुकूलित लोकलमध्ये बहुतेक डबे आतून जोडलेले असून दारे बंद असतात, त्यामुळे तिथे चालत्या गाडीत तपासणी करणे तुलनेने सोपे आहे. तरीही ऐन गर्दीच्या वेळी जादा पैसे मोजलेला प्रवासी दारापाशी चेंगरत उभा राहतो आणि त्याच्या शेजारी साधा पास खिशात ठेवून चढलेला माणूस निर्धास्त असतो. विशेष मोहीम निघते तेव्हा चार दिवस फरक जाणवतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे, की वातानुकूलित लोकल आणि प्रथम वर्गाच्या डब्यांत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांसह नियमित तपासणी व्हावी, आणि कोणत्या वेळेत, कोणत्या वर्गात किती जणांची तपासणी झाली हे दरमहा जाहीर करावे. सध्या आमच्या वाचनात येते ती केवळ दंडवसुलीची एकूण रक्कम, आणि ती जिन्यावर जमली की डब्यात, हे तिच्यावरून समजत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक पासधारक प्रवासी