रेडिएटरचं कोडं सोडवणाऱ्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणाले तेव्हा तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. आणि जरा सविस्तरच लिहितेय, कारण ज्यांच्या घरी लाकडाच्या स्टोव्हवर पाणी तापवून खोल्यांमधले रेडिएटर चालतात त्यांच्यापैकी कुणालातरी हे नक्की उपयोगी पडेल.

स्टोव्ह पेटवला की त्याच्या शेजारचा रेडिएटर वीस मिनिटांत असा तापायचा की हात ठेवता येऊ नये, आणि शेवटच्या खोलीतला, म्हणजे आईच्या खोलीतला, तीन तास झाले तरी जेमतेम कोमट. आई शाल गुंडाळून बसायची आणि विचारलं की "चालतंय गं" म्हणायची, ते ऐकवत नव्हतं मला. दोघातिघांना विचारून झालं होतं, एकाने सांगितलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचा स्पीड वाढवा, दुसऱ्याने सांगितलं स्टोव्हच मोठा घ्या. पंपाचा स्पीड मी वाढवला, 1 वरून थेट 3 वर, आणि त्यानंतर सगळं अजून बिघडत गेलं.

तुम्ही उपाय सांगायच्या आधी प्रश्न विचारलात. "थंड म्हणजे नक्की कुठे थंड? वर की खाली?" हे मला तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. फोन कानाला लावून मी सहाही रेडिएटरना वरपासून खालपर्यंत हात लावत फिरले. स्टोव्हजवळचा कडकडीत, दोन वरच्या बाजूला गार, आईचा वर गरम पण खाली मधोमध गारठलेला, आणि उरलेले दोन सगळीकडे सारखेच कोमट. त्यावर तुम्ही म्हणालात, वर गार म्हणजे हवा अडकलीये, खाली मधोमध गार म्हणजे गाळ बसलाय, आणि सगळीकडे सारखं कोमट म्हणजे तिथे पाणीच कमी पोचतंय. एका घरात तीन वेगळी दुखणी, आणि मी सगळ्यांना एकच औषध देत होते.

हवा तर मी दर आठवड्याला काढतच होते, पंप बंद करायचा, खाली फडकं धरायचं, चावी अर्धा फेरा फिरवायची, फुस्स आवाज संपून पाणी आलं की बंद. हे सांगितल्यावर तुम्ही गप्प झालात आणि मग विचारलंत, "दर आठवड्याला? मग ती येते कुठून ते बघायला नको का?" आणि लगेच हेही बजावलंत की आत गंज चालू असेल तर ती नुसती हवा नसते, हायड्रोजन असू शकतो, काडी-लायटर जवळ न्यायचं नाही.

मग तुमच्या सांगण्यावरून टॉर्च घेऊन वरच्या टाकीजवळ गेले. आमची सिस्टीम उघडी आहे, म्हणजे स्टोव्हमधून एक मोकळा पाइप वर जाऊन टाकीवर वाकलेला असतो, वाफ किंवा जास्तीचं पाणी निघून जायला. मुलाला खालून पंप चालू करायला सांगितला आणि त्या वाकलेल्या तोंडातून पाण्याची धार टाकीत पडायला लागली! पंप बंद, धार बंद. परत चालू, परत धार. स्पीड 1 वर आणला तर एक थेंब नाही. म्हणजे जोरात पळणारा पंप पाणी रेडिएटरकडे ढकलायच्या ऐवजी टाकीत फेकत होता, ते पाणी तिथे ताजी हवा घेऊन परत आत, त्या हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजणार, त्या गंजाचा गाळ होणार आणि तो आईच्या रेडिएटरच्या तळाशी जाऊन बसणार. इतक्या दिवसांचं कोडं त्या एका धारेत उलगडलं.

आईचा रेडिएटर दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून उतरवला आणि बाहेर नेऊन होजने धुतला. शाईसारखं काळं पाणी! तुम्ही म्हणालात म्हणून बादलीत लोहचुंबक धरलं तर त्याला काळी लव चिकटून वर आली. लोखंडाचाच गंज तो. नंतर पाण्यात गंज रोखणारं केमिकल घातलं.

उरलं बॅलन्सिंग. पाणी सोप्या वाटेने जातं, त्यामुळे जवळचे रेडिएटर सगळं पिऊन टाकतात आणि लांबच्यांना काही उरत नाही. टोपीखालचा जो व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड, तो आधी किती फेरे उघडा आहे ते मोजून लिहायला लावलंत, मग व्हॉल्व्ह असलेल्यांपैकी लवकर तापणारा फक्त पाव फेरा उघडा ठेवायचा, पुढचा थोडा जास्त, सगळ्यात लांबचा पूर्ण. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपमध्ये साधारण 10 डिग्रीचा फरक यायला हवा. यात दोन संध्याकाळी गेल्या, कारण एक फिरवला की बाकीचे बदलतात, पण घाई करू नको म्हणालात ते बरं झालं.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे ते. बोलता बोलता मी म्हटलं होतं की स्टोव्हजवळचा तो कडकडीत रेडिएटर, ज्याला व्हॉल्व्हच नाहीये, त्याला एक बसवून टाकते म्हणजे त्याची गरमी बाकीच्यांना मिळेल. तुमचा आवाज एकदम बदलला. "अजिबात नाही. त्याला हात लावायचा नाही." मग शांतपणे समजावलंत की गॅस बंद करता येतो, पेटलेली लाकडं बंद करता येत नाहीत, लाइट गेली की पंप थांबतो पण आग चालूच राहते, तेव्हा ती गरमी पंपाशिवाय, गरम पाणी आपोआप वर चढतं त्या जोरावर, त्या एका रेडिएटरमधून बाहेर पडते. तो बंद केला तर स्टोव्हमधलं पाणी उकळायला लागतं. वर वाकलेला पाइपही त्यासाठीच, तोही कधी बुजवायचा नाही. मी व्हॉल्व्ह आणून ठेवला होता काका. तुम्ही त्या दिवशी फोन उचलला नसता तर मी तो शनिवारी बसवून घेतला असता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

स्टोव्ह बदलायची गरजच नव्हती, त्याच्या पट्टीवर पाण्याला मिळणारी गरमी 7 किलोवॅट लिहिलीय आणि सहाही रेडिएटरच्या गरमीची बेरीज त्याच्या आतच बसते. आमच्या साधारण 80 लिटर पाण्याला 40 डिग्री चढायला तेवढ्या गरमीवर निदान अर्धा तास लागणारच, हे तुम्ही हिशोब करून दाखवलंत म्हणून आता मी उगाच अधीर होत नाही. लाकूड मात्र पूर्ण वाळलेलंच वापरतेय.

आता तासाभरात आईच्या खोलीतला रेडिएटर खालपर्यंत गरम असतो. काल तिने शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि खिडकी थोडी उघड म्हणाली. फेऱ्यांचा कागद स्टोव्हच्या मागच्या भिंतीवर लावलाय, आणि त्याखाली तुम्ही सांगितलंत तसं लाल पेनाने लिहिलंय, "या रेडिएटरला व्हॉल्व्ह बसवायचा नाही."